सुरी कोठे थांबावी?



आयुष्यभर वर्गात आवाजावर जगलेला माझ्यासारखा भाषाशिक्षक आज शल्यशास्त्राच्या इतिहासाकडे वळतो आहे, त्याचे कारणही आवाजच आहे. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला लगटून स्वरयंत्राचा मज्जातंतू जातो. तिच्या पाठीशी रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या, बहुधा चार, इवल्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. या दोहोंना इजा होण्याचा धोका असताना, थायरॉईडच्या कर्करोगात शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या लसिकाग्रंथीही खबरदारी म्हणून काढाव्यात काय, हा वादाचा विषय आहे.

बर्नच्या थिओडोर कोखर यांना थायरॉईडवरील कार्यासाठी १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची खरी थोरवी मला १८८३ सालात दिसते. संपूर्ण ग्रंथी काढलेले आपले जुने रुग्ण त्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा अनेकांची शरीरे सुजलेली व बुद्धी मंदावलेली आढळली. हे त्यांनी शल्यचिकित्सकांच्या सभेत उघडपणे मांडले आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले.

१९०६ साली अमेरिकेत जॉर्ज क्राइल यांनी डोके व मान यांच्या कर्करोगावरील १३२ शस्त्रक्रियांच्या आधारे मानेतील लसिकाग्रंथी, स्नायू व मोठी शीर यांसह एकत्र काढण्याची पद्धत मांडली. रोग उशिरा कळण्याच्या त्या काळात ही कठोरता निष्कारण नव्हती. पुढे थायरॉईडच्या कर्करोगातही तिचा अवलंब झाला. त्यास विरोध करणाऱ्यांत त्यांचेच पुत्र, धाकटे जॉर्ज क्राइल, अग्रभागी होते. पॅपिलरी प्रकारचा कर्करोग बहुधा मंदगती असतो. म्हणून रोगग्रस्त लसिकाग्रंथी तेवढ्याच काढाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

सूक्ष्मदर्शकाखाली अनेक रुग्णांच्या लसिकाग्रंथींत रोगाचे कण सापडतात. पण ते सारेच पुढे बळावतात असे नाही. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१५ साली सांगितले की, लहान, बाहेर न पसरलेल्या आणि लसिकाग्रंथींत रोग न आढळलेल्या पॅपिलरी कर्करोगात ही प्रतिबंधक शस्त्रक्रिया टाळणे योग्य. मूळ गाठ बळावलेली असल्यास तिचा विचार करता येईल. रोग दिसत असेल तेथे मात्र सुरी चाललीच पाहिजे.

मुलाने वडिलांची पद्धत तपासली, यात मला अनादर दिसत नाही. कोखर यांनी तर स्वतःलाच तपासले. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते याच शाळेत आम्हांस सांगत : उत्तर आले म्हणजे गणित संपले नाही, ताळा करून पाहा.