रक्त आणि तारुण्य

जरा टळावी, निदान लांबावी, ही मनुष्याची इच्छा फार पुरातन आहे. आपल्याकडे आदिपर्वातील ययातीने तारुण्य मागितले ते आपल्या पुत्रांकडे. युरोपात हीच मागणी पुढे रक्ताकडे करण्यात आली. फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ मार्सिलिओ फिचीनो याने १४८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वृद्धांना असा सल्ला दिला आहे की, निरोगी व राजीखुशी असलेल्या तरुणाच्या डाव्या हाताची शीर किंचित उघडून तीतील रक्त त्यांनी प्राशन करावे. हा सल्ला देणारा कोणी भोंदू मांत्रिक नव्हता. प्लेटोचे संवाद लॅटिन भाषेत आणणारा तो पंडित होता. या कल्पनेची पकड किती घट्ट होती, हे त्यावरून कळून येते.

१९०१ साली कार्ल लँडस्टाइनर याने रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. एकाचे रक्त दुसऱ्यास देणे त्यानंतर क्रमाने निर्धोक होत गेले, आणि ती जुनी कल्पना शास्त्राचा वेष धारण करून पुन्हा अवतरली. रशियन क्रांतिकारक, वैद्य आणि कादंबरीकार अलेक्झांडर बोग्दानोव याने १९२६ साली मॉस्को येथे रक्तसंक्रमणाची संस्था स्थापन केली. माणसांनी परस्परांत रक्ताची अदलाबदल केली तर त्यांचे बळ वाढेल व वार्धक्य मागे हटेल, अशी त्याची श्रद्धा होती, आणि तिचे प्रयोग त्याने स्वतःच्याच देहावर केले. १९२८ साली क्षय व हिवताप यांनी पीडित असलेल्या एका विद्यार्थ्याशी त्याने रक्ताची अदलाबदल केली. विद्यार्थी बरा झाला. बोग्दानोव मात्र दगावला.

रक्ताच्या अंगी खरोखर कोणते सामर्थ्य आहे, याचा शोध तारुण्याच्या मागे लागलेल्यांना लागला नाही. तो जखमेकडे पाहणाऱ्यांना लागला. इटलीतील तुरिनचा शास्त्रज्ञ जुलिओ बिझ्झोझेरो याने जिवंत प्राण्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे निरीक्षण करून १८८२ साली असे दाखवून दिले की, वाहिनीस इजा होताच रक्तातील बारीक, रंगहीन चकत्या तेथे गोळा होऊन चिकटतात आणि गळतीच्या तोंडाशी पहिला बांध घालतात. ह्याच रक्तबिंबिका. डेंग्यूच्या दिवसांत आपण घरोघरी ज्यांची संख्या विचारतो, त्या प्लेटलेट्स त्या ह्याच. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या सुमारे दीड ते साडेचार लाख असतात, आणि त्यांचे आयुष्य अवघे आठ-दहा दिवसांचे असते.

बांध घालणे एवढेच त्यांचे कार्य नव्हे, हे कळावयास आणखी नव्वद वर्षे लागली. १९७४ साली अमेरिकेत रसेल रॉस व त्याचे सहकारी यांना असे आढळले की, गोठलेल्या रक्तातून निथळलेल्या रसात रोहिणीच्या भित्तिकेतील पेशी झपाट्याने वाढतात. परंतु रक्तबिंबिका आधीच काढून टाकलेल्या रक्तद्रवापासून तयार केलेल्या रसात तशा वाढत नाहीत. अर्थात् वाढीची आज्ञा रक्तबिंबिकांतूनच येत होती. १९८६ साली मिनेसोटात डेव्हिड नाइटन याने चिघळलेल्या, भरून न येणाऱ्या जखमांवर रुग्णाच्याच रक्तबिंबिकांतील द्रव्ये वापरल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तर १९९८ साली रॉबर्ट मार्क्स याने जबड्याच्या अस्थिरोपणात रक्तबिंबिकांनी समृद्ध असा रक्तद्रव उपयोगात आणला. हाच आजचा पीआरपी होय.

दवाखान्यातून तो चेहऱ्यावर आला. कृती सोपी आहे: दंडातून थोडे रक्त काढावयाचे, ते यंत्रात वेगाने फिरवून तांबड्या पेशी खाली बसू द्यावयाच्या, आणि वरचा पिवळसर द्रव बारीक सुईने त्वचेत सोडावयाचा. येथेच एक प्रश्न उभा राहतो. रक्तबिंबिका जखमेची हाक ऐकतात. परंतु वार्धक्य ही काही जखम नव्हे. चेहऱ्यावर सुई टोचली म्हणजे ती जखमही आपणच करतो, आणि सुईच्या त्या इजेनेही त्वचेची दुरुस्ती सुरू होते. तेव्हा दिसणाऱ्या फळातील वाटा सुईचा किती आणि रक्ताचा किती, हे वेगळे करून सांगणे कठीण जाते. या विषयावरील अभ्यास बहुधा थोड्या रुग्णांवर झालेले, द्रव सिद्ध करण्याच्या रीती भिन्न भिन्न. काहींत त्वचेचा पोत सुधारल्याचे दिसते, पण ती सुधारणा बेताचीच असते.

बाजार मात्र पुराव्यासाठी थांबत नाही. २०१३ साली किम कार्डाशियन या दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध स्त्रीने आपला रक्ताळलेला चेहरा जगास दाखविला आणि ‘व्हॅम्पायर फेशियल’ हे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे २०१८ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, परवाना नसलेल्या एका सौंदर्यगृहात हा उपचार घेतलेल्या एका स्त्रीस एचआयव्हीची बाधा झाल्याचे आढळून आले. तपासात असे दिसले की, एकदाच वापरावयाच्या वस्तू तेथे पुनःपुन्हा वापरल्या जात होत्या आणि रक्ताच्या नळ्यांवर नीट नावनिशीही नव्हती. सौंदर्योपचाराच्या सुईतून हा रोग पसरल्याची नोंद झालेली ही पहिलीच प्रकरणे.

आपले स्वतःचे रक्त, म्हणून भय नाही, ही या उपचाराची मोठी जाहिरात. पण ते आपलेच आहे, याला ग्वाही नळीवरच्या चिठ्ठीची आणि नव्या सुईची. कार्यालयात ज्यांचे आयुष्य कागदावरील नोंदी पडताळण्यात गेले, त्यांना या चिठ्ठीचे मोल निराळे सांगावयास नको. जखम भरून काढण्याची विद्या ही रक्ताची थोर देणगी आहे आणि वैद्यकाने ती पारखून घेतली आहे. गेलेली वर्षे परत आणून देण्याचे वचन मात्र रक्ताने कधी दिले नव्हते. ते त्याच्या नावावर आपणच लिहिले.