इ. स. १९११ चा हंगाम आणि पालवणकर बंधू

इ. स. १९११ च्या जुलै महिन्यात हिंदी खेळाडूंनी इंग्रज संघांवर दोन ठिकाणी विजय मिळविले. कलकत्त्यास २९ जुलै रोजी मोहन बागान या फुटबॉल संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. ढाल जिंकली. त्याच महिन्यात, खुद्द इंग्लंडात, हिंदी क्रिकेट संघाने लेस्टरशायर व सॉमरसेट या परगण्यांच्या संघांना हरविले. पहिला विजय राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात जाऊन बसला. दुसऱ्याची आठवण फारशी उरली नाही. याचे कारण उघड आहे. क्रिकेट संघाने त्या दौऱ्यात एकूण २३ सामने खेळून ६ जिंकले व १५ गमावले. पराभूतांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तथापि महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने पाहता या हंगामाचे महत्त्व जयापजयाच्या आकड्यांवरून ठरविता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या संघाची रचना त्या काळच्या हिंदुस्थानची कल्पना देणारी होती. मुंबईचे पारशी खेळाडू, अलीगढच्या महाविद्यालयातून पुढे आलेले मुसलमान खेळाडू आणि पई, जयराम, शेषाचारी यांच्यासारखे हिंदू खेळाडू त्यात होते. कर्णधारपद पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्याकडे होते. त्यांचे वय त्या वेळी अवघे १९ वर्षांचे होते. संघातील दोन सख्खे भाऊ मात्र या सर्वांहून वेगळ्या स्थितीतून आले होते. ते म्हणजे बाळू व शिवराम पालवणकर. हे घराणे चर्मकार समाजातील, मूळचे कोकणातील पालवण गावचे. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने मुले पुण्यास वाढली.

बाळू पालवणकरांचा खेळाशी संबंध प्रथम आला तो नोकर म्हणून. पुण्यातील एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडणे व तीवर रूळ फिरविणे हे त्यांचे काम होते. इ. स. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात दरमहा ४ रुपयांवर लागले. तेथे ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजास सरावासाठी ते तासन्‌तास चेंडू टाकीत. डाव्या हाताच्या त्यांच्या मंदगती फिरकीस जी अचूकता आली, ती या मजुरीतून आली. फळी हाती घेण्याची संधी मात्र त्यांना तेथे क्वचितच मिळे. चेंडू टाकणे हे सेवकाचे काम आणि फटके मारणे हा साहेबाचा अधिकार, अशी ती वाटणी होती.

पुढे पुण्याच्या हिंदू खेळाडूंना युरोपियनांशी टक्कर द्यावयाची झाली, तेव्हा बाळूंवाचून त्यांचे चालेना. त्यांना संघात घेतले गेले. परंतु मैदानावर ज्यांच्या हातून गेलेला चेंडू सर्वजण हाती घेत, त्यांना विश्रांतीच्या वेळी चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रातून दिला जाई. जेवणाची पंगतही निराळी असे. एकाच दिवशी, एकाच माणसाच्या बाबतीत, शिवाशिवीचे नियम खेळाच्या रेषेशी येऊन थांबत व रेषा ओलांडताच पुन्हा लागू होत.

मुंबईस आल्यावर हिंदू जिमखान्यातर्फे बाळूंनी जे पराक्रम केले, त्यांतील इ. स. १९०६ च्या फेब्रुवारीतील सामना प्रसिद्ध आहे. हिंदूंनी २४२ व १६०, तर युरोपियनांनी १९१ व १०२ धावा केल्या. हिंदूंचा १०९ धावांनी विजय झाला. बंगालच्या फाळणीनंतरच्या त्या तप्त वातावरणात या विजयाचा आनंद केवळ क्रीडेपुरता राहिला नाही. दुसऱ्या डावात ५ बळी मिळवून त्यास मोठा हातभार लावणारा गोलंदाज हाच होता.

१९११ च्या दौऱ्याचे दुर्दैव असे की, राज्यारोहण-समारंभाच्या निमित्ताने महाराजा लंडनच्या मेजवान्यांत गुंतले आणि संघातील अव्वल दर्जाचे फलंदाज केखश्रू मिस्त्री हे त्यांचे सचिव असल्याने तेही बहुतेक सामन्यांस मुकले. फलंदाजी दुबळी झाली व जून महिना पराभवांत गेला. या पडत्या काळात संघाचा भार बाळूंनी वाहिला. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावांत ८ बळी घेतले. लेस्टर येथील विजयात त्यांचे दोन्ही डावांतील बळी ११ होते. टाँटन येथे सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी नाबाद ११३ धावा काढल्या, तेव्हा एक गडी राखून विजय हाती लागला. सबंध दौऱ्यात बाळूंचे बळी ११४ झाले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. वयाची पस्तिशी गाठलेल्या आणि दुखऱ्या खांद्याने खेळणाऱ्या माणसाची ही कामगिरी आहे.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. धावपत्रक हे मोठे निःपक्षपाती साधन आहे; त्यात जातीचा रकाना नसतो. ११४ या आकड्यास कोणी विटाळ लावू शकत नाही. पण याच कारणाने ते अपुरेही आहे. चहा कोठे मिळाला, हे त्यात लिहिलेले नसते. कर्णधार कोण, एवढे मात्र त्यात नोंदलेले असते. आणि वादाचे मूळ नेमके तेथेच सापडते. बळी घेण्याचे श्रम अस्पृश्य मानलेल्याने केलेले समाजास चालत होते. आज्ञा देण्याचा अधिकार त्याच्याकडे जाणे मात्र चालत नव्हते.

दौऱ्यानंतर सर्वांत ज्येष्ठ व अनुभवी खेळाडू या नात्याने हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंकडे यावयास हवे होते. ते आले नाही. कर्णधार झालेले मुकुंदराव पई यांनीच, हा मान वस्तुतः बाळूंचा होता, असे १९१३ साली जाहीरपणे बोलून दाखविले. इ. स. १९२० मध्ये पई आजारी पडले असता निवड समितीने दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमले व बाळूंना वगळले. तेव्हा विठ्ठल व शिवराम हे त्यांचे धाकटे बंधू निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. पुढे पई बरे होऊन परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, बंधूही आले. आणि सामन्यात पई काही काळ मैदानाबाहेर राहिल्याने संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने अस्पृश्यतानिवारणाचे आवाहन केले, हे ध्यानात घेतले म्हणजे समितीवर आलेल्या दडपणाचा उलगडा होतो. अखेर १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले व त्यांच्या नेतृत्वाखाली चौरंगी सामन्यांतील अंतिम लढतीत युरोपियनांचा पराभव झाला. विठ्ठलांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले.

आमच्या विदर्भातील एक दाखला या संदर्भात बोलका आहे. आर्वी तालुका ज्या जिल्ह्यात मोडतो, त्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, वर्ध्यास, जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायणाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुले केले ते १९२८ साली. म्हणजे क्रीडांगणावरील नेतृत्वाचे दार मंदिराच्या दारापूर्वी पाच वर्षे उघडले होते. परंतु यावरून खेळाने जातिभेद मोडला, असा सोपा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. १९११ च्या हंगामातील निर्विवाद कर्तृत्वानंतरही कर्णधारपदास बारा वर्षे लागली, आणि तेही ज्याने ते मिळविले होते त्यास न मिळता त्याच्या धाकट्या भावास मिळाले. बाळूंनी पुढे १९३२ च्या पुणे करारावर सही केली. १९३७ साली ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणुकीस उभे राहून पराभूत झाले. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

गुणवत्ता सिद्ध करणे ही एक गोष्ट, आणि सिद्ध झालेली गुणवत्ता मान्य करावयास समाजास भाग पाडणे ही दुसरी. पहिले कार्य बाळूंनी चेंडूने एका उन्हाळ्यात केले. दुसऱ्यासाठी बंधूंना संघाबाहेर राहण्याची तयारी दाखवावी लागली.