आयनमार्ग : टी पेशींतील कॅल्शियमचा इशारा आणि लाल विंचवाचे विष

पेशीच्या पटलात बसलेली प्रथिनांची सूक्ष्म दारे म्हणजे आयनमार्ग. प्रयोगशाळेत त्यांना सरळ ‘चॅनेल’ म्हणतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण या दारांतून ये-जा करतात. मज्जातंतू आणि हृदयाच्या बाबतीत ही दारे आधीपासून माहीत होती. रोगाशी लढणाऱ्या ‘टी’ नावाच्या पांढऱ्या पेशींचा कारभारही त्यांच्यावरच चालतो, हे कळायला १९८४ साल उजाडले. महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध आला तो विंचवामुळे. ज्या विषाने कोकणात माणसे दगावत, त्याच विषातून जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाणारे एक नेमके हत्यार मिळाले.

टी पेशीतील घडामोड. स्वस्थ टी पेशीत मोकळे कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. ओळखीचा शत्रू दिसला की पेशीतल्या साठ्यातून थोडे कॅल्शियम सुटते. साठा रिकामा होतो आहे हे स्टिम-१ या प्रथिनाला कळते. ते पटलापाशी सरकते आणि तिथले ओराय-१ हे दार उघडते. मग बाहेरचे कॅल्शियम आत शिरते, कॅल्सिन्यूरिन हे विकर जागे होते, एनफॅट नावाचे प्रथिन केंद्रकात जाते आणि पेशी लढाईची जनुके वाचू लागते. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस देतात, ते ही साखळी कॅल्सिन्यूरिनपाशी तोडण्यासाठी.

यात एक अडचण आहे. कॅल्शियम धनभार घेऊन येते, त्यामुळे काही क्षणांतच पेशीची आतली बाजू धन होऊ लागते आणि पुढचा ओघ मंदावतो. तो चालू ठेवायचा तर तेवढा धनभार दुसऱ्या दाराने बाहेर जायला हवा. हे काम पोटॅशियमचे मार्ग करतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्व्हाइन येथील शाखेत डीकोर्सी, के. जॉर्ज चँडी, सुधीर गुप्ता आणि मायकेल कॅहलन यांनी मानवी टी पेशींत असा मार्ग १९८४ मध्ये दाखवला. तो बंद केला की पेशींची वाढ थंडावते, हेही त्यांनी नोंदवले. पुढे त्याला केव्ही १.३ हे नाव मिळाले. एर्विन नेहेर आणि बेर्ट झाकमान यांनी बसवलेली पॅच क्लॅम्प पद्धत (नोबेल, १९९१) हाताशी नसती, तर हे मोजताच आले नसते. या पद्धतीत काचेच्या नळीचे जेमतेम एक मायक्रोमीटर रुंदीचे टोक पेशीवर टेकवून हलकेच ओढ देतात. पटल काचेला घट्ट चिकटते आणि एकेका दाराच्या उघडझापीचा प्रवाह पडद्यावर पायऱ्यापायऱ्यांनी दिसतो.

ओराय-१ चा शोध २००६ मध्ये तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी लावला. स्टेफान फेस्के व अंजना राव यांचा एक, मोनिका विग व झाँ-पिएर किने यांचा दुसरा, कॅहलन यांचा तिसरा.

लाल विंचू. आयनमार्गांवर घाला घालणारे विष बाळगणारा हा विंचू. शास्त्रीय नाव पूर्वी बुथस टॅम्युलस, मग मेसोबुथस, हल्ली हॉटेंटोटा.

महाडचे काम. हिंमतराव साळुबा बावस्कर (जन्म १९५१, देहेड, ता. भोकरदन, जि. जालना) नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. होऊन महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. भाताच्या पेंढ्यात, दगडांखाली, चपलेत दडलेला हा विंचू दिसायला लहान. काळ्या इंगळीला लोक घाबरत, पण जीव जात तो या लाल विंचवाच्या दंशाने. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला: उलटी, अंगभर घाम, हातपाय गार, पुरुषांत लिंगाची ताठरता, चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात पाणी होऊन तोंडाला येणारा गुलाबी फेस. आधीच्या चार खुणा धोक्याची पूर्वसूचना आहेत, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मधून मांडले.

कारण आयनमार्गांतच आहे. विषातली काही प्रथिने मज्जातंतूंवरची सोडियमची दारे मिटू देत नाहीत. मज्जातंतू थांबायचे नाव घेत नाहीत, अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते. बावस्करांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून देऊन पाहिले, पण त्यासाठी सतत पहारा लागतो. मग त्यांनी प्राझोसिनकडे मोर्चा वळवला. ही रक्तदाबाची साधी गोळी. ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते. रुग्णाला आडवे ठेवून, गार हातपाय कोमट होईपर्यंत ती ठरावीक तासांनी देत राहतात. हातपाय कोमट झाले, की रुग्ण धोक्याबाहेर आल्याची ती पहिली खूण. त्यांचा याविषयीचा ‘लॅन्सेट’मधील लेख १९८६ चा. त्यांच्या नोंदींनुसार पूर्वी ३० ते ४० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू एक टक्क्यापर्यंत उतरले. प्रस्तुत नोंदकाराच्या मते खेड्यातल्या खाटेशेजारी झालेले हे काम कोणत्याही विद्यापीठातल्या शोधाच्या तोलाचे आहे.

प्रतिविष द्यावे की प्राझोसिन पुरे, यावर मतभेद राहिले. बावस्करांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह केलेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत (‘बीएमजे’, २०११) दोन्ही मिळून दिलेल्यांना बरे व्हायला सरासरी ८ तास लागले, नुसत्या प्राझोसिनवाल्यांना १७.७ तास.

आयबेरिओटॉक्सिन. लाल विंचवाच्याच विषातून १९९० मध्ये मर्क कंपनीच्या संशोधकांनी ३७ अमिनो आम्लांचे एक प्रथिन वेगळे केले. कॅल्शियम वाढले की उघडणारा पोटॅशियमचा एक मोठा मार्ग आहे, त्याला बीके म्हणतात. आयबेरिओटॉक्सिन त्याच्या बाहेरच्या तोंडावर बूच बसावे तसे बसते. इस्रायलकडच्या विंचवातील कॅरिब्डोटॉक्सिन याचे जवळचे भावंड, पण ते टी पेशीतील केव्ही १.३ आणि केसीए ३.१ हे पोटॅशियमचे मार्गही अडवते. आयबेरिओटॉक्सिन या दोघांना हात लावत नाही. म्हणून एखाद्या पेशीतला प्रवाह कॅरिब्डोटॉक्सिनने थांबला आणि आयबेरिओटॉक्सिनने थांबला नाही, तर तो बीकेचा नव्हे हे ठरते. टी पेशींच्या अभ्यासात लाल विंचवाचे मोल हे आहे: त्याच्या प्रथिनामुळे कोणता मार्ग कामात नाही, ते कळते.

केव्ही १.३ वर नेमके बसणारे मार्गाटॉक्सिन मध्य अमेरिकेतल्या विंचवाचे. १९९७ मध्ये छोट्या डुकरांवरील प्रयोगात त्याने टी पेशींची उशिरा उमटणारी प्रतिक्रिया दबली. अवयव न दुखावता स्वप्रतिकार रोग शमवण्याची आशा यातूनच धरली गेली. त्या वाटेवर समुद्रफुलाच्या विषापासून बनवलेले डॅलाझाटाइड सोरायसिसच्या रुग्णांवर तपासले गेले.

टॅमापिन. लाल विंचवाचेच दुसरे प्रथिन. ते एसके-२ हा पोटॅशियमचा आणखी एक मार्ग अडवते, हे २००२ मध्ये दिसले.

सन्मान व लेखन. बावस्करांना पद्मश्री २०२२ मध्ये. आत्मकथन ‘बॅरिस्टरचं कार्टं’.