घर मालकीचं, जागा कोणाची?

मी मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं. आपल्याकडं मास्तर शिकवायला कमी आणि मोजायला जास्त लागतो. मतदार मोजा, पोरं मोजा, घरं मोजा. १९९० साली आणि पुन्हा २०१० साली मी जनगणनेच्या घरयादीचं काम केलं, दोन्ही वेळा नांदेड जिल्ह्यात. दारावर नंबर टाकायचा, उंबऱ्याशी बसायचं, रकाने भरायचे.

२०१०च्या उन्हाळ्यात एका गावाच्या गायरानाला लागून असलेल्या आपल्या वस्तीत शिरलो. पहिलंच घर एका म्हातारीचं. भिंत कशाची? कुडाची, वरून शेणमाती. छत? पत्रा, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवलेले. जमीन? माती, सारवलेली. खोल्या? एक. त्या एका खोलीत लग्न झालेली जोडपी किती? दोन. पाणी? लांबून. संडास? नाही. मग रकाना आला, घर मालकीचं की भाड्याचं.

मी विचारलं, "आजी, भाडं देता का कुनाला?"

ती हसली. "असल्या घराला भाडं कोन मागंल गुर्जी?"

"मग मालकीचं लिव्हतो."

"लिव्हा की. पर उद्या उठा म्हनले तर ह्यो कागद दाखवू का?"

मी मालकीचं लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो. नियमानं माझं बरोबर होतं. भाडं देत नाही, घर स्वतः बांधलंय, म्हणजे मालकीचं. जमिनीबद्दल फॉर्ममध्ये प्रश्न होता, पण ती कशाची आहे एवढाच. माती, लाकूड, फरशी, सिमेंट. कोणाची आहे, हे विचारायची सोय नव्हती.

१९६१पासून जनगणना घराच्या भिंती आणि छपरं नोंदवत आली आहे. २०११ साली महाराष्ट्रात ११ कोटी २४ लाख माणसं आणि जवळपास २ कोटी ३८ लाख कुटुंबं मोजली गेली. शंभरातल्या फक्त ५३ कुटुंबांना घराच्या आवारात संडास होता. राज्यात अनुसूचित जाती शंभरात १२च्या आसपास, पण नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हे प्रमाण १९च्या घरात, म्हणजे जवळजवळ पाचात एक माणूस आपला. अनुसूचित जातींच्या कुटुंबांचे तक्ते वेगळे छापलेले असतात, ते कार्यकर्त्यांनी वाचले पाहिजेत. त्यांत पाणी घरापासून किती लांब ते सापडतं. घर गावापासून किती लांब, ते सापडत नाही. तो रकाना जुना आहे आणि तो गावानं भरलेला आहे.

आपल्या मराठवाड्यात गावाचे दोन भाग बोलीतच आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतं. पांढरी म्हणजे गावठाण, जिथं घरं उभी राहिली ती जागा. गावातल्या दगडी भिंतींचा गिलावा पांढऱ्या मातीचा, माळवदावर टाकायची मातीही पांढरीच. आपण काळीतही नव्हतो आणि पांढरीतही नव्हतो. काळीत राबायला होतो, पांढरीबाहेर राहायला होतो. अस्पृश्यांवर लादलेल्या नियमांची यादी बाबासाहेबांनी एके ठिकाणी दिली आहे. वस्ती दक्षिणेला असावी, आणि कौलारू घर बांधणं हा गुन्हा, हे दोन्ही नियम तिच्यात आहेत. आमच्या गावात नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता. पण माझ्या आज्यानं मातीची भिंत घालायला घेतली तेव्हा दोन माणसं येऊन बघून गेली, आणि भिंत कमरेइतकीच राहिली. वर कूड घातला.

हा कूड कसा होतो ते आताच्या शहरातल्या पोरांना ठाऊक नसेल. पऱ्हाट्या, तुराट्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमाती थापायची. कोपऱ्यांना मेढी रोवायच्या, वर आडं टाकायचं, आड्यावरून पाचट नाहीतर गवत. बाजारभावानं किंमत काढाल तर शून्य. पण मेढ फुकट मिळत नव्हती. झाडं पाटलाच्या बांधावर. आबांनी निंबाच्या दोन मेढी आणि एक आडं मागितलं, त्याच्या बदल्यात एका सुगीभर राबले. पैसा नाही, जोंधळा नाही. तुराट्याही शेतमालकाच्या. त्या मायनं तूर बडवण्याच्या मजुरीत कमी घेऊन आणल्या. शेणमाती तिचीच, थापणं तिचंच, आणि दर सणाला सारवणंही तिचंच. घराच्या खर्चाचा कुठलाही हिशेब बघा, माझ्या मायचे हात त्यात नाहीत. आमचं घर पैशात मोजलं तर काहीच नव्हतं. दिवसांत मोजलं तर एका माणसाची एक सुगी आणि एका बाईचं आयुष्य होतं.

बहात्तरच्या दुष्काळात आबांनी घराचं दार विकलं. त्यानंतर बरीच वर्षं आमच्या घराला पोत्याचा पडदा होता. हे सहज आठवलं म्हणून सांगितलं.

मग अठ्ठ्याहत्तर आलं. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात सगळ्यांत जास्त. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे याच दंगलीत मारले गेले. त्या दिवसांवर खूप लिहिलं गेलंय, नामांतराचं राजकारण तुम्हाला तोंडपाठ आहे. मला फक्त एका गोष्टीकडं बोट दाखवायचंय. नाव होतं विद्यापीठाचं, ते विद्यापीठ औरंगाबादला, आणि पेटली ती बिलोली, नायगावकडची घरं. असं का? ज्या पोरानं कॉलेजात जाऊन मान वर केली त्याचं बूड कशावर टेकलंय, हे गावाला बरोबर ठाऊक होतं. ते बूड हलवलं की मान आपोआप खाली येणार होती. आणि कुडाला काडी लावायला फार माणसं लागत नाहीत.

आमच्या वस्तीतली घरं जळाली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. आम्ही ज्वारीच्या रानात होतो, पावसात. परत आलो तर मेढी जमिनीतून वीतभर वर उभ्या होत्या, काळ्या पडलेल्या. पुढं एका कचेरीतून नुकसानीचा पंचनामा करायला माणूस आला. त्यानं विचारलं, "घराची किंमत काय?" आबांना उत्तर देता आलं नाही. एक सुगी, असं कसं सांगणार? त्यानं स्वतःच्या मनानं आकडा टाकला. नंतर पत्रे मिळाले. पत्रे ठोकायला गेलो तर जागेवरून भांडण सुरू झालं. जळालंय ते घर, जागा गावाची आहे, असं गावाचं म्हणणं. पत्रे दोन महिने ओट्यावर पडून होते.

पंधरा वर्षांनी लातूरकडं उलटं झालं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंप काही फार मोठा नव्हता, घरांनी माणसं मारली. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडाला दगड धरून ठेवायला नुसती माती, आणि वर लाकडावर हातभर मातीचं माळवद. भिंत फुटली की सगळं ओझं अंगावर. कुडाची, गवताची, हलकी घरं मात्र हलली आणि उभी राहिली, नाहीतर पडली तरी माणसं त्यांतून निघाली. म्हणजे जे बांधायची आम्हाला परवानगी नव्हती, ऐपतही नव्हती, त्याच्याखाली गाव मेलं. मला यात कुठलंही समाधान नाही. ढिगारे उपसायला आपली पोरं पहिल्या दिवशी होती, मीही नांदेडहून गेलो होतो. आणि दगडाच्या घरात राहणारी आपली माणसंही मेलीच. पण अठ्ठ्याहत्तरला ज्या कुडानं आम्हाला वाचवलं नाही त्यानंच इथं वाचवलं, हे त्या ढिगाऱ्यावर उभं राहून मला सुचलं आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

नंतर पुनर्वसन झालं, जागतिक बँकेचं कर्ज घेऊन. ५२ गावं उठवून दुसरीकडं नवी वसवली. तिथं घराचं माप कशावर ठरलं? कुटुंबात माणसं किती यावर नाही. जमीन किती यावर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरांच्या वर ७५०. भूकंपानं जमीन हलवली, सातबारा हलवला नाही. सालगडी आणि त्याचा मालक एकाच रात्री उघड्यावर आले होते, सकाळी दोघंही एकाच रांगेत खिचडी घेत होते. घर देताना दोघांच्या मधे पाचशे चौरस फूट आले. नव्या गावांत एका मापाची घरं एका अंगाला, दुसऱ्या मापाची दुसऱ्या अंगाला, अशी आखणीही मी पाहिली. कुणी म्हणेल यात जात कुठं आहे, भूमिहीन मराठ्यालाही २५०च मिळाले. खरं आहे. पण मराठवाड्यात जमिनीचा कागद आणि जातीचा दाखला किती वेळा एकच गोष्ट सांगतात, हे कोणत्याही तलाठ्याला विचारा.

आणि एक बोललं पाहिजे, नाहीतर माझं लिहिणं एकांगी होईल. त्या २५० फुटांत राहायला गेलेल्या कित्येक बाया मला म्हणाल्या की हे त्यांचं पहिलं पक्कं घर, आणि कागद त्यांच्या घरच्या माणसाच्या नावाचा. घर लहान मिळालं म्हणून त्या रडत नव्हत्या. कागद मिळाला म्हणून पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या.

सरकारला कागदापेक्षा भिंतीची भाषा जास्त येते. इंदिरा आवास १९८५ला सुरू झाली. सपाट भागातल्या घराला २००४ला २५ हजार, २००८ला ३५, २०१०ला ४५, २०१३ला ७० हजार, आणि २०१६ला नाव बदलून प्रधानमंत्री आवास झाल्यावर १ लाख २० हजार. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास आहे. आकडा चढत गेला. पण यादीत नाव येऊनही घर न झालेली माणसं वस्तीत शोधा आणि कारण विचारा. उत्तर एकच, जागा नाही. जागा घ्यायला पैसे द्यावेत हे सरकारला २०१५ साली सुचलं. पंडित दीनदयाळ उपाध्याय नावाची योजना निघाली, ५०० चौरस फुटांपर्यंत ५० हजार रुपये. पण विकणारा कोण? गावाला लागून रान असलेला शेतकरी वस्तीला जागा विकायला तयार होत नाही. तो भाव सांगत नाही, नुसतं "बघू" म्हणतो.

म्हणून माणूस गायरानावर जातो. १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, १९६४ला दादासाहेब गायकवाडांनी तो देशभर नेला. त्या दबावातून पुढं कसलेलं गायरान नावावर करण्याचे निर्णय झाले. १९९१च्या निर्णयानं १४ एप्रिल १९९० ही तारीख धरली. पुरावा काय लागतो? गाव नमुना १-ई मधली अतिक्रमणाची नोंद, दंडाच्या पावत्या. ज्याला दंड झाला त्याचाच हक्क बसला. ज्या भल्या माणसानं तलाठ्याशी गोड राहून दंड चुकवला, त्याच्याजवळ दाखवायला काही नाही. आणि हे कसणाऱ्यांचं झालं. राहणाऱ्यांकडं ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. लोक तो देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागं जपून ठेवतात. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा नाही.

२०११ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग खटल्यात सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. त्याच निकालात भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेनं पट्टा दिलेला असेल तर अपवाद ठेवला आहे. २०२२ला मुंबई उच्च न्यायालयात गायरानांचा विषय आला आणि गावोगाव नोटिसा गेल्या. नोटीस वाचून दाखवायला त्या म्हातारीच्या मुलानं मला बोलावलं. म्हातारी वारली होती. कूड जाऊन विटा आल्या होत्या, पत्रे तेच. नोटिशीत त्या घराला "अतिक्रमण" म्हटलं होतं. जनगणनेत मीच त्याला "मालकीचं" म्हटलं होतं. दोन्ही कागद सरकारी.

त्या दिवशी आम्ही बसून पिशवीतले कागद लावले. घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, आजीच्या नावाचं जुनं रेशनकार्ड, आणि तळाशी १९८६ सालची, घडीवर फाटलेली दंडाची पावती, वीस रुपयांची. मुलगा ती फेकायला निघाला होता, दंड भरल्याची लाज म्हणून. मी ती प्लास्टिकमध्ये घातली आणि उत्तराला पहिली तीच जोडली.

आता २०२७ची जनगणना येतेय, तिच्यात जातही विचारणार आहेत. त्याआधी घरयादीचा मास्तर दारात येतो. तो आपलाच असेल, नसेल. तुम्ही त्या दिवशी वस्तीत असा. त्याच्या मागोमाग तुमची एक वही फिरवा आणि प्रत्येक घराचे तीन रकाने भरा: जागा कोणाच्या नावावर, कधीपासून राहता, कागद कोणता. आमच्या वस्तीत मी सुरू केलंय. एकेचाळीस घरं झाली. सदतीस "मालकीची" आहेत, चारांकडं जागेचा कागद आहे.