कन्यागताचा गुरू

वडूजच्या कोणत्याही शाळेत सहावी-सातवीच्या वर्गात जाऊन ‘सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह कोणता?’ असे विचारले, तर भराभर हात वर होतील. ‘गुरू’ हे उत्तर मुलांना पाठ असते. लगेच ‘तुमच्यापैकी कोणी तो पाहिला आहे?’ असे विचारावे. आता बरेचसे हात खाली येतील. मग तिसरा प्रश्न विचारावा, ‘कन्यागत हा शब्द कोणाच्या घरी ऐकला आहे?’ पुन्हा काही हात वर होतील. कोणाची आजी नृसिंहवाडीला स्नानाला जाऊन आलेली असेल, कोणाच्या घरात ‘सध्या गुरूचा अस्त आहे, लग्नाची तिथी धरता येत नाही’ हे बोलणे झालेले असेल.

म्हणजे गुरू मुलांच्या घरात आहे आणि पुस्तकातही आहे. आकाशात मात्र त्याची गाठ पडलेली नाही. ही गाठ कशी घालून द्यावी, याचे उत्तर आपल्याच भागाच्या इतिहासात सापडते.

वडूजची येरळा नदी पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. या कृष्णेच्या काठी, गुरू कन्या राशीत आला की कन्यागताचे पर्व सुरू होते. त्याच्या आदल्या वर्षी, गुरू सिंह राशीत असताना, गोदावरीकाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. २०१५ साली सिंहस्थ झाला आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये कन्यागत सुरू झाले. कृष्णेच्या उगमाशी, क्षेत्र महाबळेश्वरी, अशी परंपरा सांगतात की तेथील सात प्रवाहांपैकी भागीरथी दर १२ वर्षांनी आणि सरस्वती दर ६० वर्षांनी प्रकट होते.

श्रद्धेचा प्रश्न ज्याच्या त्याच्यापाशी ठेवून आपण फक्त आकडे पाहू. गुरूला सूर्याभोवती एक फेरी घालायला सुमारे १२ वर्षे लागतात. शनीला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणजे ६० वर्षांत गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या जवळजवळ पुऱ्या होतात. पंचांगातल्या संवत्सरांची ६० नावेही गुरूच्याच गतीवरून आली. हे आकडे कोणी तरी वर्षानुवर्षे आकाशाकडे पाहून मिळवले होते. पुढे ते पंचांगात गेले आणि पाहणे मागे पडले.

एकोणिसाव्या शतकात हे पाहणे पुन्हा जागे करणाऱ्यांत एक मराठी शिक्षक अग्रभागी होते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचा. पेशाने ते शिक्षक होते. १८९६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाचा ग्रंथ आजही अभ्यासक हाताळतात. त्याआधी त्यांनी केलेले एक काम मात्र शाळेत फारसे सांगितले जात नाही.

त्या काळी गुप्त राजांचा शक नेमका कोणत्या साली सुरू झाला, यावर विद्वानांत मोठा वाद होता. आजच्या मध्य प्रदेशातील सतना भागात परिव्राजक घराण्यातल्या राजांचे ताम्रपट सापडले होते. त्यांवर गुप्त वर्षाच्या आकड्याबरोबर आणखी एक नाव होते: १५६ या वर्षाला महावैशाख, १९१ ला महाचैत्र आणि २०९ ला महाआश्वयुज म्हणजे महाआश्विन. ही नावे गुरूवरून ठेवलेली. गुरू सूर्याच्या फार जवळ दिसू लागला की काही आठवडे तेजात लपतो. हाच त्याचा अस्त. मग एके पहाटे तो पूर्वेला पुन्हा दिसतो. हा उदय ज्या नक्षत्रात होईल, त्या नक्षत्राच्या महिन्यावरून वर्षाला नाव द्यायचे. घरी लग्नाच्या बोलण्यात येणारा ‘गुरूचा अस्त’ तो हाच.

या बारा वर्षांच्या गुरुचक्राचे गणित दीक्षितांनी मांडले. गुप्तांचे लेख संपादित करणाऱ्या फ्लीट यांच्या १८८८ च्या ग्रंथात ते परिशिष्ट म्हणून छापले गेले. गुप्त शकाचा आरंभ इसवी सन ३१९-२० हा निर्णय इतर पुराव्यांवर उभा राहिलाच, पण त्याचा ताळा गुरूने दिला. जुन्या राजांची साले ठरवायला आकाशातला एक ग्रह साक्षीदार म्हणून उभा राहिला, आणि त्याची साक्ष एका शिक्षकाने नोंदवली.

हा ताळा मुलांनाही करून पाहता येतो. १९१ ते २०९ ही १८ वर्षे, म्हणजे गुरूची दीड फेरी. दीड फेरीनंतर तो आकाशाच्या बरोबर समोरच्या बाजूला पाहिजे. बारा महिन्यांचे वर्तुळ फळ्यावर काढले, तर चैत्रासमोर आश्विनच येतो. आता १५६ ते १९१ ही ३५ वर्षे पाहा. तीन फेऱ्यांना ३६ वर्षे लागतात, म्हणजे एक घर कमी. वैशाखाच्या मागचे घर चैत्राचे!

मात्र ‘बारा’ हा आकडा ढोबळ आहे, हेही सांगितले पाहिजे. खरी फेरी ११.८६ वर्षांची, म्हणजे बारा वर्षांना सुमारे ५० दिवस कमी. सात फेऱ्यांत ही तूट जवळजवळ एका वर्षाची होते. सात फेऱ्या ८४ वर्षांत नव्हे, तर ८३ वर्षांत पुऱ्या होतात. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२२ साली यायचा, तो २०२१ साली, अकरा वर्षांनीच भरला. यापूर्वी असे १९३८ साली झाले होते. दोन सालांतले अंतर मुलांना काढू द्यावे. ते ८३ येते.

असेच छोटे फरक साचत गेल्यामुळे पंचांगांत गोंधळ झाला होता. गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ १५२० सालचा. त्यावरून केलेली गणिते तीन-साडेतीन शतकांनंतर आकाशाशी जुळेनाशी झाली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून नवी गणिते मराठीत आणली. हा वाद पुढे साठ वर्षे चालला. १९२० साली सांगलीला याच प्रश्नावर ज्योतिष परिषद भरली होती. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा, यावरही मतभेद होते आणि काही पंचांगांत हा फरक चार अंशांपर्यंत जातो. गुरू दिवसाला सरासरी ५ कला सरकतो. ६० कलांचा एक अंश, म्हणजे चार अंशांना ४८ दिवस. एका पंचांगाचे कन्यागत दुसऱ्याच्या दीड महिना आधी का सुरू होऊ शकते, याचे उत्तर या भागाकारात आहे. गुरू आपल्या जागी असतो, रेषा आपण आखतो.

आता हा गुरू प्रत्यक्ष दाखवायचा कसा? खटाव तालुका कमी पावसाचा, त्यामुळे दिवाळीनंतरच्या कितीतरी रात्री निरभ्र मिळतात. रात्रीच्या आकाशात शुक्राखालोखाल तेजस्वी आणि न लुकलुकणारा ठिपका बहुधा गुरूच असतो. पंचांगातली त्याची रास पाहून खात्री करावी. हात ताठ पुढे धरून आवळलेली मूठ आकाशात सुमारे १० अंश झाकते. जवळच्या ताऱ्यापासून गुरू किती मुठी दूर आहे, हे दर पंधरा दिवसांनी वहीत मांडावे. वर्षात तो सुमारे तीन मुठी पुढे जातो. मध्ये चार महिने तो उलटा, एक मूठ मागे येतो. पंचांगातला ‘वक्री’ गुरू तो हाच. आपली पृथ्वी आतल्या, लहान कक्षेतून त्याला मागे टाकते म्हणून तसे दिसते.

साधी द्विनेत्री दुर्बीण मिळाली, तर ती भिंतीला टेकवून स्थिर धरावी. गुरूशेजारी एका ओळीत बारीक ठिपके दिसतील. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिलेले चार चंद्र ते हेच. त्यानंतर पुस्तकातले आकडे सांगावेत: व्यास पृथ्वीच्या ११ पट, वस्तुमान ३१८ पट, आणि तरीही स्वतःभोवती एक फेरी दहा तासांच्या आत. २०१६ साली कृष्णाकाठी कन्यागताची गर्दी जमली, त्याच्या महिनाभर आधी ‘जुनो’ हे यान या ग्रहाभोवती फिरू लागले होते, हेही सांगावे.

पुढचे कन्यागत २०२८ साली आहे. नोंदींची एक वही शाळेत ठेवावी आणि एका वर्गाने ती पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. पर्व सुरू होईल तेव्हा घरची मंडळी पंचांग उघडतील. आपल्या मुलांनी आपली वही उघडावी आणि गुरू कन्येत केव्हा आला, हे आजीला स्वतः सांगावे.