लॉटरी, द (लघुपट)

शर्ली जॅक्सन (१९१६–६५) या अमेरिकन लेखिकेच्या, २६ जून १९४८ च्या ‘द न्यू यॉर्कर’मधील कथेवर आधारित लघुपट (१९६९). दिग्दर्शक लॅरी यूस्ट. निर्मिती एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका एज्युकेशनल कॉर्पोरेशन. एका खेड्यात दरवर्षी चिठ्ठ्या काढून गावातल्याच एकाला दगडांनी ठेचून मारण्याची प्रथा आहे. साध्या, जवळजवळ वार्तापटासारख्या चित्रणामुळे शेवटचा आघात अधिकच अंगावर येतो.

मूळ कथेवरही वाचकांची संतप्त आणि गोंधळलेली पत्रे मोठ्या संख्येने आली होती. लघुपट मात्र शाळांत दाखवला जाई. त्यामुळे प्रेक्षक प्रामुख्याने किशोरवयीन होते. अनेक शिक्षकांना तो रूढी, झुंडशाही व अंधानुकरण यांवरील चर्चेसाठी उपयुक्त वाटला, तर काही पालकांनी त्यातील हिंसेवर आणि धर्म व कुटुंबसंस्थेवरील संभाव्य परिणामावर आक्षेप घेतला. मिनेसोटातील फॉरेस्ट लेक येथील शाळा मंडळाने तो अभ्यासक्रमातून काढून टाकला. विद्यार्थी न्यायालयात गेले. कथा ग्रंथालयात छापील स्वरूपात उपलब्ध असली, तरी तेवढ्याने बंदी समर्थनीय ठरत नाही, असे मत मांडून संघीय अपील न्यायालयाने १९८२ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली.