वणंदची पोरकी पोर

आपल्या जलशात, नाटकात, कादंबरीत रमाई येते ती कुंकू लावूनच. बाबासाहेबांची सावली म्हणून. पण त्याआधी ती एक पोर होती. त्या पोरीचा इतिहास कुणी लिहायचा?

रमा जन्मली ७ फेब्रुवारी १८९८ ला, दापोलीजवळच्या वणंद गावी. बाप भिकू धुत्रे, आई रुक्मिणी. बाप दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचा. दापोली भागात पेन्शनर महार शिपायांची जुनी वस्ती. पण १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. जमीन नाही, पलटणही नाही. उरलं काय? बंदरातलं ओझं, नाहीतर मुंबईची वाट. तेव्हा दोस्तांनो, रमाच्या घरचं दारिद्र्य नशिबानं आलेलं नव्हतं. ते लादलेलं होतं.

आधी आई गेली. मग बापही गेला. पोरं उघडी पडली. काका-मामांनी त्यांना मुंबईला भायखळ्यात आणलं. ज्यांच्या चुलीवर स्वतःपुरती भाकर नव्हती, त्यांनी आणखी तोंडं पदरात घेतली. कुठल्या अनाथाश्रमाच्या पाटीवर हे कोरलेलं नाही. पण आपली माणसं जगली ती अशीच.

मग लग्न. १९०६ च्या सुमारास, भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. बसायला बाजारातले दगडी ओटे, खालून वाहणारं घाण पाणी. नवरी आठ-नऊ वर्षांची, नवरा शाळेत जाणारा. याची गोड गाणी करू नका. हा बालविवाह होता. मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवणारा शारदा कायदा झाला १९२९ साली. तोवर रमानं चार लेकरं मातीआड केली होती.

डिसेंबर १९१२ ला यशवंत झाला. फेब्रुवारी १९१३ ला सासरे रामजी सुभेदार वारले. त्याच जुलैत नवरा अमेरिकेला निघाला. मांडीवर पोर, डोक्यावर संसार आणि वय पंधरा! रमा वयात आली ती अशी. पुढं १९२० ते १९२३ पुन्हा तेच, नवरा लंडनला. परळच्या चाळीत दिवस काढताना तिनं गोवऱ्या थापल्या, असं जुनी माणसं सांगत. गंगाधर, रमेश, इंदू गेले. १९२६ ला राजरत्न गेला.

एवढा धीर कुठून आला? देवीपण होतं म्हणून नाही. कुणी गेलं तरी सकाळी चूल पेटवावी लागते, हे ती लहानपणीच शिकली होती. आपण त्याला त्याग म्हणतो नि मोकळे होतो. तिच्यापुढं दुसरी वाट होती का, हे विचारत नाही.

२७ मे १९३५ ला राजगृहात ती गेली. वय सदतीस. १९४० साली बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा ग्रंथ ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण केला. मित्र नसलेल्या दिवसांत तिनं सोसलं, हे त्यांनी छापून कबूल केलं.

आणि आपण? मोर्च्याहून रात्री घरी येतो, ताट वाढलेलं असतं. ते वाढणारी बहीण शाळेत किती शिकली, कुणामुळं सुटली, याची नोंद कुठल्या ठरावात आहे? रमाईच्या तसबिरीला हार जरूर घाला. पण तिच्यावर कादंबरी लिहाल तेव्हा सुरुवात दाभोळच्या टोपलीपासून करा. आणि लिहिण्याआधी घरातल्या पोरीच्या हातातलं लाटणं काढून घ्या, तिथं पुस्तक द्या.